निळ्या लिंकनला नावं ठेवताना

गाडीतून उतरण्याआधी मोहनने मला शेवटची सूचना दिली.

"रंग्या, चेहरा सांभाळ."

"काय झालं चेहऱ्याला?"

"आवडल्यासारखा दिसतोय. तेराव्याला जेवायला आल्यासारखा ठेव. जिलबी कितीही चांगली झाली तरी तिथे कोणी बोलतं का?"

मी आरशात बघून चेहरा बदलला. मोहनने तो तपासला आणि मग आम्ही उतरलो.

श्रूजबरीतल्या मराठी मंडळींच्या निम्म्या तरी गाड्या मोहनने घेऊन दिलेल्या आहेत. तो मूळचा दादरचा. खरेदीचं शिक्षण त्याने आईचं बोट धरून कापडाच्या दुकानांत घेतलं आणि त्यात दोनच नियम होते. आवडलेल्या वस्तूला नावं ठेवायची, हा पहिला. सौदा अडला की उठून चालायला लागायचं, हा दुसरा. दुकानदार पायरीपर्यंत जाऊ देतो, मग हाक मारतो. मोहनच्या आईला हाक आली नाही असं कधी झालं नाही, आणि पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या तमाम डीलरांनी मोहनलाही हाका मारल्या.

त्याच्या सल्ल्याने मी आजवर घेतलेल्या गाड्या जपानी होत्या, करड्या होत्या आणि विकताना चांगली किंमत देऊन गेल्या. त्यांच्याबद्दल मला कृतज्ञता वाटते. आपल्या बँकेबद्दल वाटते तेवढी.

या वेळी मात्र मला लिंकन टाउन कार हवी होती. ही अमेरिकन गाडी आता बनत नाही. लांबलचक, चौकोनी, आणि वारा कापण्याबिपण्याच्या भानगडीत न पडणारी. वाऱ्यानेच बाजूला व्हावं अशी तिची अपेक्षा दिसते. सांगलीहून इंजिनिअर होऊन वूस्टरला एमएस करायला आलो, त्या पहिल्या हिवाळ्यात मी बसस्टॉपवर कुडकुडत उभा असताना अशी एक गाडी समोरून गेली. आवाज नाही, घाई नाही. आत एक म्हातारा स्वतःच्या दिवाणखान्यात बसल्यासारखा बसला होता. अमेरिकेत येऊन आपल्याला नेमकं काय हवंय हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी पदवी, नोकरी, ग्रीन कार्ड, घर आणि करड्या गाड्या घेतल्या.

आता पन्नाशी उलटली होती आणि शेवटची करडी गाडी ज्ञानदा, म्हणजे आमची मुलगी, शिकागोला घेऊन गेली होती. मी तिला लिंकनचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "बाबा, दॅट्स अ बोट."

माझ्या बायकोने, नंदाने, फोटो चष्मा लावून पाहिला. "एअरपोर्टला हीच गाडी येते ना, नावाची पाटी धरून? लोक तुझ्या हातात बॅगा देतील."

"देऊ देत. डिकी मोठी आहे."

ती गाडी आता आमच्यासमोर गॅरेजमध्ये उभी होती. मालक डॉक्टर रॉय लिंडक्विस्ट, निवृत्त डेंटिस्ट. उंच, पाठीत जरासे वाकलेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जबड्यात डोकावल्यावर पाठ आणखी काय करणार. त्यांनी बटण दाबलं, दार सावकाश वर गेलं, आणि मी तेरावा विसरलो.

रंग दौतीतल्या शाईचा निळा. इतका खोल की बॉनेटवर वाकलो तर आत पडेन असं वाटलं. आतल्या सीट सायीच्या रंगाच्या कातड्याच्या. कुठे चीर नाही, चुरगळ नाही. गालिच्यावर व्हॅक्यूमच्या सरळ रेघा होत्या, तुळशीसमोर नुकत्याच काढलेल्या रांगोळीसारख्या. डॅशबोर्डच्या मध्यावर काट्यांचं छोटं घड्याळ. आणि गार हवेच्या झडपांच्या बारीक पट्ट्या, ज्यांत जगातल्या प्रत्येक गाडीत धूळ असते, त्या या गाडीत चमकत होत्या.

"टूथब्रश," डॉक्टर म्हणाले. मी कुठे बघतोय हे त्यांनी पाहिलं होतं. "मऊ दातांचा. कडक वापरला तर ओरखडे पडतात. जन्मभर पेशंटना हेच सांगितलं. ऐकलं फक्त गाडीने."

हे सगळं अर्थात इंग्रजीत चाललं होतं. मी मराठीत सांगतोय, कारण पुढे मोहन जे बोलला ते इंग्रजीत पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही.

"खूप जुनी आहे," मोहन म्हणाला.

"हो," डॉक्टर म्हणाले.

"पेट्रोल पीत असेल."

"पिते."

"आजकाल लोक हिला टॅक्सी समजतात."

डॉक्टरांनी बॉनेटवरून हात फिरवला. मोहन गाडीच्या दाराजवळ खाली बसला आणि त्याने बोट दाखवलं. "हा ओरखडा."

"तो दिवा आहे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी गॅरेजचा दिवा बंद केला. ओरखडा गेला. त्यांनी दिवा पुन्हा लावला.

मग इंजिन ऐकायचं ठरलं. डॉक्टरांनी ते सुरू केलं आणि मोहनला आत बसायला सांगितलं. मोहन बसला, वाट पाहिली, काहीच ऐकू येईना, म्हणून त्याने किल्ली फिरवली. इंजिन आधीपासून चालू होतं. गॅरेजमध्ये जी किंकाळी उठली ती ऐकून डॉक्टरांनी डोळे मिटले; भूल न देता कोणीतरी त्यांची दाढ उपटली असावी तसे.

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की ते सारखे आमच्या तोंडांकडे बघताहेत. मला वाटलं, धंद्याची सवय.

"आणि तुम्ही?" त्यांनी मला विचारलं. "तुम्हाला कशी वाटली?"

मोहनचं कोपर माझ्या बरगडीला लागलं. मी तेराव्याचा चेहरा शोधून परत लावला.

"ठीक आहे," मी म्हणालो. "आणखीही एक-दोन बघतोय."

मी आणखी एकही बघत नव्हतो.

"आम्ही विचार करतो," मोहन म्हणाला आणि दुसऱ्या नियमानुसार चालायला लागला. मीही निघालो. डॉक्टरांचा ड्राइव्हवे चांगला लांब होता.

"हळू चाल," मोहन मराठीत पुटपुटला. "म्हातारा आहे, आवाज पोचायला हवा."

मी हळू चाललो. बुटाची नाडी सोडली आणि बांधली. मोहन टपालपेटीपाशी थांबला आणि तिचं निरीक्षण करू लागला. पत्र्याची साधी पेटी होती. तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्याने ती सगळ्या बाजूंनी पाहिली. मागून आवाज आला. हाक नव्हती. मोटरची घरघर होती. मी वळून पाहिलं तेव्हा गॅरेजचं दार निम्म्यावर आलं होतं, खालून निळा बंपर दिसत होता, आणि मग तोही दिसेनासा झाला.

"येईल फोन," मोहन म्हणाला. "संध्याकाळपर्यंत."

संध्याकाळी म्हणाला, "उद्या येईल." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "अरे यार, एक नंबरचा मुरलेला आहे म्हातारा." त्याच्या आवाजात आदर होता.

मला झोप लागेना. शेवटी मोहनला न विचारता मीच फोन केला, आणि मला जे एकच सुचलं ते बोललो. म्हणालो, तुमच्या जाहिरातीतल्या किमतीपेक्षा थोडे जास्त द्यायची तयारी आहे.

डॉक्टर म्हणाले, "किमतीचं आपलं काही बोलणंच झालं नव्हतं."

"मग अडचण काय आहे?"

"अडचण काही नाही. तुम्हाला ती आवडली नाही, त्यात गैर काय? सगळ्यांना आवडावी असं थोडंच आहे. आम्ही दोघं मुलीकडे ॲरिझोनाला राहायला चाललोय. शनिवारी डीलर येईल आणि घेऊन जाईल."

"डीलर तिचं काय करेल?"

"लिलाव करेल. मग कोणीतरी विमानतळावर चालवेल. बॅगा टाकतील लोक." त्यांनी बॅगा हा शब्द आपण कीड म्हणतो तसा उच्चारला आणि फोन ठेवला.

नंदा ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तुला आवडली ना ती गाडी?"

"हो."

"मग सांग त्याला, आवडली म्हणून."

"असं कसं सांगणार?"

"तोंडाने."

बोलणं सोपं आहे. सांगलीला आमच्या घरात सर्वोच्च प्रशस्तिपत्रक म्हणजे वडिलांचं 'चालेल'. मी बोर्डात आलो तेव्हा ते मला मिळालं होतं. आंब्याला कधीच मिळालं नाही, कारण प्रत्येक पेटीत आदल्या वर्षीपेक्षा काहीतरी कमी असायचं. पुढे नोकरीही मला तशीच लागली. औषधं बनवणाऱ्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका मी शोधतो. चूक सापडली की सविस्तर लिहायचं, नाही सापडली तर नुसता 'पास' म्हणून शिक्का. घरात नंदाच्या हातची आमटी 'बरी झालीय' असते. एकदा माझ्या तोंडून "मस्त" गेलं, तर तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला होता.

"उद्या मी येते बरोबर," नंदा म्हणाली. "आणि मोहनला सांगू नकोस."

मोहनला मी डेंटिस्टकडे जातोय म्हणून सांगितलं. ते खरंच होतं.

डॉक्टरांनी आम्हाला पाहून भुवई उंचावली, पण दार वर केलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत मिसेस लिंडक्विस्ट उभ्या होत्या, हातात कप, चेहरा माझ्या वडिलांसारखा. मी चालवून बघू का म्हणून विचारलं. मी स्टिअरिंगवर, डॉक्टर शेजारी, नंदा मागे. मागे बसल्यावर तिने पाय लांब केले, आणखी लांब केले, आणि पुढची सीट काही आली नाही तेव्हा "अगंबाई" म्हणाली.

आम्ही रूट नाइनवर आलो. त्या रस्त्यावर थंडीने पाडलेले खड्डे मी नावानिशी ओळखतो. करड्या गाड्यांतून प्रत्येकाची कमरेशी ओळख झालेली आहे. लिंकन त्यांच्यावरून गेली आणि मला ते फक्त आठवले. तळ्यावरचा पूल आला. पाण्यावर ऊन होतं, बॉनेट पुढे लांबवर पसरलेलं होतं, आणि आपण गाडी चालवत नसून एखादं शांत गाव हळूहळू पुढे नेतोय असं वाटत होतं.

"मग?" डॉक्टरांनी विचारलं.

मी घसा साफ केला. सगळा जोर लावला. "नॉट बॅड," मी म्हणालो.

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

"डॉक्टर," मागून नंदा म्हणाली, "हे फार मोठं आहे हं. एवढं तो माझ्याबद्दलसुद्धा कधी बोललेला नाही."

"मिसेस, आम्ही न्यू इंग्लंडची माणसं, कौतुकाला कंजूष," डॉक्टर म्हणाले. "हे वाक्य मला घरी फुकट मिळतं." मग थोड्या वेळाने, काचेकडे बघतच: "रिटायर झालो तेव्हा घेतली ही. दारात आणून उभी केली. माझी बायको इंग्रिड बाहेर आली, एक चक्कर मारली, म्हणाली, चालेल. आणि आत गेली. तेव्हापासून मी घासतोय."

पुलाच्या पलीकडे मी गाडी तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत घेतली आणि थांबवली. आता बोललो नाही तर उद्या डीलर येणार होता. मी तोंड उघडलं, मिटलं.

"सावकाश," डॉक्टर म्हणाले. आवाज एकदम वेगळा, मऊ. खुर्चीतल्या पेशंटशी बोलावं तसा. "घाई नाही. दुखणार नाही."

"हिचं दार," मी म्हणालो.

"हं."

मी खाली उतरलो, दार लावलं आणि उघडलं आणि लावलं. "ऐका. आमच्या आईचं लोखंडी कपाट होतं, त्याचं दार लागलं की घरातल्या सगळ्यांना कळायचं, दागिने आत गेले, आता काळजी नाही. तो आवाज मी आज पुन्हा ऐकला." दारामागून बोलणं बरं पडत होतं, म्हणून मी तिथेच उभा राहून बोलत राहिलो. "डॉक्टर, मी पोटासाठी चुका शोधतो. परवा तुमच्या गॅरेजमध्ये मी चेहरा पाडून उभा होतो तेव्हा मनातल्या मनात चुकाच शोधत होतो. दारांच्या रबरांवर बोट फिरवलं, एकही भेग नाही. तुम्ही ग्लिसरीन लावत असणार."

"वसंतात आणि शरदात," डॉक्टर म्हणाले.

"डिकीतल्या स्टेपनीखाली पाहिलं. लोक तिथे पाप ठेवतात. तिथेसुद्धा स्वच्छ. सीटबेल्ट पीळ न पडता आत जातात, म्हणजे इतक्या वर्षांत ते कोणी झटका देऊन सोडलेले नाहीत. ॲशट्रेमध्ये कधी राख पडलेली नाही. हा रंग, हा निळा, जाहिरातीच्या फोटोत येतच नाही, तिथे तो काळा दिसतो. तो बघायला इथेच यावं लागतं. आणि इंजिन. माझ्या मित्राने ते चालू असताना पुन्हा चालू केलं, त्याबद्दल मी माफी मागतो, पण डॉक्टर, यापेक्षा मोठं कौतुक त्याच्या हातून कोणाचंही झालेलं नाही. मला एकही चूक सापडली नाही. चूक सापडली नाही तर मला झोप लागते. या वेळी लागली नाही. ही माझ्या आयुष्यात मी पाहिलेली सगळ्यात सुंदर गाडी आहे."

शेवटचं वाक्य माझं मलाच ऐकू आलं आणि मी दचकलो. काठावरची बदकंसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

मागच्या सीटवर नंदाने लांब केलेले पाय जवळ घेतले.

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं डोळ्यांना लावतील, पण त्यांनी डॅशबोर्डवरचा एक डाग पुसला. डाग नव्हताच. रुमालाची घडी घालून ते म्हणाले, "घड्याळाबद्दल बोलला नाहीत."

"घड्याळाकडे येतच होतो," मी म्हणालो, आणि आलो.

शनिवारी डीलरच्या ऐवजी आम्ही गेलो. डॉक्टरांनी जाहिरातीतलीच किंमत सांगितली, मी तेवढ्याचा चेक दिला. मोहनच्या आईने तो देखावा पाहिला असता तर दुकानातच बसकण मारली असती. डॉक्टरांनी किल्ल्या दिल्या, ग्लिसरीनची बाटली दिली, आणि वेष्टनातला एक नवा टूथब्रश दिला.

तेवढ्यात मिसेस लिंडक्विस्ट पायरीवर आल्या. उन्हात उभ्या असलेल्या गाडीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"देखणी गाडी आहे, रॉय," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून मला आवडत होती."

डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. "हे आता सांगतेस?"

"आता हरकत नाही. विकली ना."

दादरच्या कापडबाजारात ही बाई कधी गेली होती, देव जाणे.

परतताना नंदा पुढे बसली. वाटेत मोहनचा फोन आला. तिने स्पीकर लावून धरला.

"म्हाताऱ्याला फोन करून बघू का रे? एव्हाना नरम आला असेल."

"घेतली," मी म्हणालो.

"घेतली? किती कमी केले?"

"काही नाही."

पलीकडे मोहनने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तो दुःखाने म्हणाला, "चेहरा सांभाळला नाहीस."

"नाही सांभाळला," नंदा म्हणाली. "मी होते तिथे."

पूल आला. गाडी खड्ड्यांवरून न कळत गेली. नंदा झडपांच्या चकचकीत पट्ट्यांवरून बोट फिरवत होती.

"म्हणजे बोलता येतं तर तुला," ती म्हणाली. "लोखंडी कपाट काय, ग्लिसरीन काय. मी मागे बसून ऐकत होते, म्हटलं हा कोण माणूस."

मी रस्त्यावर लक्ष ठेवलं. रस्ता मोकळा होता, तरी ठेवलं.

"घरी गेल्यावर थालीपीठ लावणार आहे मी," ती म्हणाली. "तयारी ठेव."

मी खरंच तयारी केली. उरलेल्या वाटेभर मनात शब्द जुळवत होतो. पण पानात थालीपीठ आलं तेव्हा जुळवलेलं सगळं गेलं, आणि जे समोर होतं तेच बघून मला बोलावं लागलं. मी म्हणालो, याच्या कडा मोडतात आणि मधलं मोडत नाही, हे कसं जमतं मला कधी कळलेलं नाही. बोटांनी पाडलेल्या भोकांभोवती तेलाचं जे तांबूस कडं उमटतं ते मी रोज बघतो. भाजणीतला धन्याचा वास तव्यावरून वर येतो तेव्हा मी दुसऱ्या खोलीतून उठून येतो, पाणी प्यायचं निमित्त काढून. कांदा किती बारीक चिरला की तो दिसत नाही आणि कळतो, हे तिला ठाऊक आहे आणि दुसऱ्या कोणाला नाही. यातसुद्धा मला आजपर्यंत चूक सापडलेली नाही.

नंदा हातात उलथनं घेऊन ओट्याला टेकून उभी होती. मी थांबलो. तिने फडकं घेतलं आणि ओट्यावरचा एक डाग पुसला. ओटा आधीच स्वच्छ होता.

"लोण्याबद्दल बोलला नाहीस," ती म्हणाली.

"लोण्याकडे येतच होतो," मी म्हणालो.